हे कोणी लावलं?

बाईक गॅरेजमध्ये उभी केली की मेकॅनिक सीट उचलतो, वायरिंगकडे बघतो आणि पान्याला हात लावायच्या आधी विचारतो, "हे कोणी लावलं?" पावसाळ्यात ठाणे-डोंबिवलीच्या गॅरेजांमध्ये हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उत्तरही ठरलेलं असतं. "मीच. घरी."

घरी म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, मोबाइलवर व्हिडिओ लावून. फॉग लाइट, दणदणीत हॉर्न, मोबाइलचा चार्जर, रुंद हँडल. हौसेला मोल नाही म्हणतात. एमएच ०४ आणि एमएच ०५ च्या हजारो सारख्या गाड्यांत आपली लांबून ओळखू यावी असं वाटण्यात गैरही काही नाही.

फॉग लाइटचंच घ्या. ५५ वॅटचे दोन दिवे, १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट ओढणारे. हेडलाइटची वायर सोलायची, तिच्यावर नवी वायर पिळायची, वरून काळी टेप. दिवे लखलखतात, शेजारचे बघून जातात. पण ती वायर आणि ते बटण कंपनीने एका हेडलाइटच्या हिशेबाने दिलेलं असतं. फ्यूज उडतो. खरं तर तो आपलं काम चोख करतो, तरी राग त्याच्यावरच निघतो. मग जास्त अँपिअरचा फ्यूज बसतो, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून नेली जाते. आता फ्यूजऐवजी वायर जळणार. नीट करायचं तर बॅटरीवरून वेगळी जाड वायर, तिला वेगळा फ्यूज आणि मध्ये रिले. हँडलवरच्या बटणाने फक्त रिले चालवायचा. दिव्यांच्या मानाने रिलेची किंमत काहीच नाही. तरी गाळला जातो तोच, कारण तो कुणाला दिसत नाही.

त्यात आपला पाऊस. टेपखालच्या सांध्यात पाणी मुरतं, तांब्यावर हिरवा थर चढतो, घोडबंदर रोडचे खड्डे उरलेलं काम करतात. गाडी कधी चालते, कधी मध्येच बंद पडते. मेकॅनिक शोधत बसतो, पण कंपनीच्या नकाशात नसलेली वायर त्याला सापडणार कशी?

मला वाटतं, गाडी मनासारखी करून घेतली की तिचा बिघाडही आपल्या नावावर होतो. कंपनीतून आली तशी असेपर्यंत तिची असंख्य भावंडं रस्त्यावर असतात. स्प्लेंडर कुठल्याही नाक्यावर बंद पडू द्या, तिथल्या मेकॅनिकने तसलीच गाडी काल-परवा खोललेली असते. आपण बदल केला की ती एकुलती एक होते, आणि तिची माहिती असलेला माणूसही एकच उरतो.

तो माणूस होण्याची तयारी मात्र फार थोड्यांची असते. गाडी सुरू होईना झाली की प्लग बदल, फिल्टर झटक, कार्बोरेटर साफ कर, चोक ओढून बघ, सगळं एका दमात. चालू झाली तर आनंदच, पण गेलं काय होतं ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी तेच नाटक पुन्हा. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत जन्म काढलेले निवृत्त फिटर अजून काही सोसायट्यांत भेटतात. त्यांची रीत वेगळी. पहिला प्रश्न, "कालपर्यंत चालत होती ना? मग काल काय केलंस?" त्यानंतर फुकटात होणारी तपासणी. पेट्रोल खाली येतंय का? प्लग काढून, पेट्रोलपासून लांब, इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली तर ठिणगी पडते का? मग प्लगचा रंग. विटकरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर हवा जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण यात निष्कारण काही खोललं जात नाही, आणि घाईत पाना फिरवून बोल्टचे आटेही जात नाहीत.

सायलेन्सर बदलणाऱ्यांना तर हा प्लगचा रंग पाठच हवा. मोकळा सायलेन्सर लावला आणि कार्बोरेटरचा जेट जुनाच ठेवला की मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. रेस सोडताना फटफट आवाज येतो, इंजिन तापतं. तोच आवाज ऐकून मालक खूश! बीएस ६ च्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तिथे गडबड केली की मीटरवर इंजिनाचा दिवा पेटतो. कायदा वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड आहे तो दर बदलामागे ५,००० रुपये. महाराष्ट्रात कितीतरी शहरांत पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवलाय. रात्री साडेबाराला झोपमोड झालेल्या तळमजल्यावरच्या आजींना याचं वाईट वाटलं नसणार. मलाही नाही वाटलं.

हौस करायचीच तर परत फिरता येईल अशी करावी. वायर तोडू नये, कनेक्टर लावावा. खोलण्याआधी फोटो काढावा. कुठल्या रंगाची वायर कुठे जोडली ते तारखेसह वहीत लिहावं. काढलेले मूळ भाग नट-बोल्टसकट पोत्यात बांधून माळ्यावर टाकावेत. घरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. यामाहाची आरएक्स १०० बंद झाली १९९६ साली. आज ती घ्यायला येणारा जाणकार आधी कंपनीचा सायलेन्सर आहे का विचारतो, आणि भावाचं बोलणं त्यानंतर सुरू होतं.