गोठणाऱ्या पाण्याचं देणं

आमच्या फ्रिजच्या मागे मांजर झोपतं. वाईच्या थंडीत घरातली सगळ्यांत उबदार जागा त्यानं शोधून काढली आहे. ३१ वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, पण अप्रकट उष्म्याचं इतकं चांगलं उदाहरण मला वर्गात कधी सुचलं नाही. ट्रेमधलं पाणी गोठताना जी उष्णता टाकतं, ती मागच्या जाळीतून बाहेर येते आणि मांजर ती पदरात पाडून घेतं.

हे मांजर गेल्या गुरुवारी ब्रह्मसूत्रांत शिरलं.

निवृत्तीनंतर आम्ही सहा-सातजण एका शास्त्रीबुवांकडे ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य वाचायला बसतो. दुसऱ्या अध्यायाचा पहिला पाद चालू आहे. २४व्या सूत्रातला आक्षेप रोखठोक आहे. कुंभाराला मडकं करायचं तर माती, चाक, दांडा लागतो. ब्रह्माजवळ दुसरं काहीच नाही, मग जग घडलं कसं? सूत्रकारांचं उत्तर: दुधासारखं. आचार्य त्यात पाण्याची भर घालतात. दूध आपणहून दही होतं, पाणी आपणहून बर्फ होतं, बाहेरच्या साधनासाठी अडून बसत नाही; तसंच हे.

‘आपणहून’ ऐकलं आणि माझा हात वर गेला. आयुष्यभर मुलांचे हात खाली करवले, त्याची फेड.

पाणी आपणहून गोठत नाही. शून्य अंशावर आलेल्या पाण्यालाही बर्फ व्हायचं तर ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता कुणाला तरी द्यावी लागते. ते देणं चालू असताना तापमापीचा पारा जागचा हलत नाही, म्हणून तो उष्मा ‘अप्रकट’. १७६०च्या दशकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅकनं तो ओळखला आणि मोजला. पाव किलो पाण्याचा ट्रे नुसता गोठताना २०,००० कॅलरी बाहेर टाकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठतं, लोक फोटो काढायला धावतात. तिथंही ही उष्णता गवतापानांवाटे उघड्या आकाशाकडे निघून गेलेली असते. वाफ व्हायचं तर उलटा हिशेब, ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी घ्यायच्या. देण्याघेण्याला दोघं लागतात. ब्रह्म तर अद्वितीय. ते गोठलं तर आपली उष्णता कुणाला देणार? त्याच्या फ्रिजमागे मांजर कुठलं?

(कीर्तनात सगुण-निर्गुणासाठी बर्फ-पाण्याचा दाखला सर्रास येतो. या ८० कॅलरींचा हिशेब मात्र कुणीच देत नाही.)

शास्त्रीबुवा हसले. म्हणाले, “बाई, जरा पुढं वाचा.”

पुढं माझीच शंका लिहिलेली होती. पूर्वपक्षी, म्हणजे भाष्यातला आक्षेप घेणारा, विचारतो, दुधालाही दही व्हायला ऊब वगैरे लागतेच ना? आचार्य म्हणतात, उबेनं फक्त घाई होते. दही होण्याची शक्ती दुधाची स्वतःची. नाहीतर ऊब देऊन वाऱ्याचंही दही लागलं असतं.

हे उत्तर मला निम्मं पटलं. शक्ती आतली, हे खरंच. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना धरून षट्कोनी, पोकळ मांडणी करतात, म्हणून बर्फ फुगतो आणि पाण्यावर तरंगतो. ही मांडणी थंडी बाहेरून आणत नाही. पण ‘फक्त घाई’ मात्र पटत नाही. अगदी स्वच्छ पाणी शून्याखाली गेलं तरी पाणीच राहू शकतं. थंडी आहे, उष्णता घ्यायला भोवताल आहे, शक्ती अंगातच आहे, तरी ते अडून राहतं, एखाद्या धूलिकणासाठी. कृत्रिम पावसासाठी विमानातून ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडतात ते याचसाठी. ढगाला लावलेलं विरजणच ते.

बुवांनी नेहमीचं अस्त्र काढलं: दृष्टान्त एकदेशीच असतो, त्याला सगळीकडून ताणू नये. शिवाय आचार्यांचा खरा मुक्काम विवर्तवादात, म्हणजे ब्रह्म बदलत नाही, जग नुसतं भासतं या मतात; दूध-दही ही वाटेवरची धर्मशाळा. मान्य. पण धर्मशाळेचं छप्पर गळत असेल तर वाटसरूनं बोलू नये काय?

येत्या गुरुवारी २५वं सूत्र. त्याच्या भाष्यात कोळी येतो, स्वतःतूनच जाळं काढणारा. त्या धाग्यासाठी कोळ्याला आधी किडे खावे लागतात, हा आक्षेपही आचार्यांनी स्वतःच तिथं लिहून ठेवला आहे.