यंत्रातलं पुरण, देवापुढचा नैवेद्य

नागपुरात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला पुरण हवंच. ते फूड प्रोसेसरमध्ये वाटलं तर भक्ती उणावते का? मला तसं वाटत नाही. मनुस्मृतीने चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही घरातली पाच हिंसास्थानं सांगितली. त्यांवरचा उतारा म्हणजे पंचमहायज्ञ, त्यात अतिथीला जेवू घालणंही आलं. म्हणजे पाटाही मुळात पवित्र नव्हता. पावित्र्य होतं ते वाढण्यात. कुणी म्हणेल, कष्टाशिवाय भक्ती कसली, जनाबाईंचं जातं आठवा. पण त्या कथेत विठ्ठल दळायला बसतो तो जनीचा भार हलका करायलाच! आक्षेपात एक तथ्य मात्र आहे: यंत्राला लक्ष देता येत नाही. शिजलेली डाळ गरम असतानाच, थांबूनथांबून फिरवावी लागते; गार झाली की गुठळ्या राहतात, आणि त्या बोटांनाच कळतात.