दोष कुणाच्या नावे टाकायचा?

माणसाला पावसाळ्यात छत्री आणि संकटात आरोपी लागतो. छत्री ऐनवेळी सापडत नाही; आरोपी मात्र घरातच सापडतो.

गेल्या महिन्यात आमचा घरचा संगणक बसला. सकाळी बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह उमटलं, निळा पडदा आला आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून. चारदा तेच. पाचव्यांदा बटण दाबण्याआधी मी आरोपी पकडला होता : आमचे चिरंजीव! कारण यंत्राला शेवटचा हात त्याचा.

"गेम टाकलास ना?"

"नाही, बाबा."

"मग काय भूत आलं होतं?"

पोरगं डबा न घेताच शाळेत गेलं.

संध्याकाळी सिडकोतून दुरुस्तीवाला आला. त्याने आधी प्रिंटर काढला, मग आतला छोटा सेल काढून पुन्हा बसवला. शेवटी पडद्यावरची एक तारीख दाखवली : २०१६. म्हणाला, "काका, रात्री विंडोजची नवी आवृत्ती आपोआप चढलीय, आणि तुमचं फर्मवेअर जुनं. मशीन चांगलं, विंडोजही चांगलं. दोघांचं जमत नाही एवढंच."

आता बी. कॉम. माणसाला फर्मवेअर काय कळणार? पण बँकेतल्या माणसाला शिपाई कळतो. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायमचा वस्तीला असलेला जुना शिपाई. सकाळी तो सगळ्यांच्या आधी येतो, शटर उघडतो, मेमरी, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना ते बघतो आणि किल्ल्या साहेबांच्या हवाली करतो. साहेब म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. इथे साहेब बदलून आले आणि नव्या पद्धतीने हिशेब मागू लागले; शिपाई बिचारा जुन्याच वहीतून वाचतोय. दोघेही प्रामाणिक, आणि शाखा बंद!

इलाज एकच, शिपायाला पेन ड्राइव्हवरून नवे नियम शिकवायचे. "पण मध्येच लाइट गेली तर बोर्डच कामातून जाईल," असं सांगून त्याने आम्हाला गार केलं. पाच मिनिटं सगळं घर पंख्याकडे बघत उभं होतं. सौ.ने देवापुढे दिवा लावला. लाइट टिकली, यंत्र उठलं.

१९ जुलै २०२४ ला जगातले सुमारे ८५ लाख संगणक असेच निळे पडले होते. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. पण तिथे दोषी सापडला, एका सुरक्षा कंपनीने पाठवलेली सदोष फाइल. आमच्या घरात तर दोषीच नव्हता. गावाचं नाव २०२३ मध्ये बदललं, तरी माझ्या तोंडून अधूनमधून औरंगाबाद निघतंच. त्यात नावाचा काय दोष, आणि जिभेचा तरी काय?

बँकेत एखादी रक्कम कुणाची ते कळेना, तर ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. दिसेल त्या खातेदाराच्या नावे टाकली, तर नोकरी जाईल. मग दोष कुणाचा ते कळेना, तर तो जवळच्या माणसाच्या नावे टाकायची आपल्याला एवढी घाई का? घरात सस्पेन्स खातं उघडायला कुणाची मंजुरी लागते?

रात्री मी मुलाला म्हणालो, "चुकलं माझं." तो लगेच हसला. मुलं उदार असतात. पण मी बँकेतला माणूस. चुकीची नोंद उलटी फिरवता येते, हे मला ठाऊक आहे. आणि पासबुकात दोन्ही ओळी छापून येतात, हेही.