रोजचा मान्ना आणि माझे 286 दिवस



आजचे वाचन : निर्गम 16:13-31. जमलं तर आधी तेवढा भाग वाचून या, मग पुढचं वाचा.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. रात्री साडेबाराला लॅपटॉप मिटला, मोबाईल हातात घेतला आणि काळजात धस्स झालं. बायबल अ‍ॅपमधली माझी स्ट्रीक तुटली होती. सलग 286 दिवस वाचन आणि त्या रात्री आकडा शून्यावर. बायकोने झोपेतच विचारलं, "काय झालं? सर्व्हर पडला का?" मी म्हटलं, "नाही, स्ट्रीक गेली." ती कूस बदलून झोपली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. खरंच वाईट वाटत होतं.

त्याच आठवड्यात आईचा गावाहून फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "धाकट्याची नोकरी गेलीय, बोलला असेल ना तुला?"

नव्हता बोलला. म्हणजे बोलायला फोन केला होता, मीच घेतला नव्हता. त्याला अकरा दिवस झाले होते. तेव्हा स्टँडअप चालू होता, मी कॉल कट केला आणि 'नंतर करतो' असा मेसेज टाकला. तो 'नंतर' आलाच नाही. विसरलो, असं मी आईला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. गावच्या घराच्या दुरुस्तीत कोणी किती पैसे द्यायचे, यावरून आमच्यात वर्षभर धुसफूस होती, त्यामुळे त्याला फोन करायचं माझ्या जिवावर आलं होतं.

मग मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती असं तेव्हा वाटलं. अ‍ॅपमध्ये मागे जाऊन त्या दिवसाचं वाचन काय होतं ते पाहिलं. मत्तय 5. त्यात 23 आणि 24 वी वचनं : वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. समोर हिरवी टिक. कंपनीच्या बसमध्ये, वाकडचा पूल ते हिंजवडीचं गेट एवढ्या वेळात मी तो अध्याय 'पूर्ण' केला होता. आणि तासाभराने भावाचा फोन कट केला.

मित्रांनो, त्या दिवशी लाज वाटली ती फोन न घेतल्याची नव्हे. आकडा शून्य झाला तेव्हा माझी झोप उडाली होती आणि भाऊ अकरा दिवस बेकार बसला होता तेव्हा मी मजेत झोपत होतो, याची लाज वाटली.

आता मान्नाकडे येऊ. लहानपणी संडेस्कूलमध्ये ही गोष्ट ऐकली की मला फक्त आकाशातून खाऊ पडतो एवढंच दिसायचं. धण्यासारखा पांढरा, मधातल्या पोळीसारखा गोड. पण मोठेपणी वाचलं की लक्ष जातं ते नियमांवर. प्रत्येकाने रोज एक ओमर गोळा करायचा, म्हणजे साधारण दोन लिटर. सकाळीच, कारण ऊन चढलं की तो वितळायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच. सकाळी त्यात किडे पडले आणि घाण वास सुटला.

मी इंजिनिअर माणूस, मला कॅशिंग समजतं. एकदा आणलेला डेटा साठवून ठेवायचा, पुन्हा पुन्हा सर्व्हरकडे जायला नको. मी देवाबरोबर तेच करत होतो. 286 दिवसांचा साठा आहे ना, मग आजचा दिवस त्यावर निघेल. साठा होता, पण त्यातला किती खाण्यालायक उरला होता, ते भावाच्या फोनने दाखवलं.

इथे कोणी म्हणेल, मग वचनं पाठ करणं, नियमाने वाचणं हे सगळं फुकट का? अजिबात नाही. याच अध्यायात शब्बाथासाठी आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना सडला नाही. पुढे एक ओमरभर मान्ना पुढच्या पिढ्यांना दाखवायला भांड्यात जपूनही ठेवला. साठवणं पाप नव्हतं. देव उद्या देईल यावर भरवसा नाही म्हणून साठवणं, ही अडचण होती. माझा भरवसा त्याच्यावर कमी आणि त्या आकड्यावर जास्त होता.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला इतकी वर्षं दिसलीच नव्हती. 16 व्या वचनात मोशे सांगतो की ज्याने त्याने आपल्या तंबूत जितकी माणसं आहेत त्या मानाने गोळा करावं. म्हणजे सकाळी बाहेर पडणारा माणूस एकट्याच्या पोटासाठी वाकत नव्हता. आणि मोजून पाहिलं तेव्हा ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. पौलाने हेच वाक्य 2 करिंथ 8:15 मध्ये घेतलंय, आणि कशासाठी? यरुशलेमातल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. करिंथच्या मंडळीला तो सांगतो की तुमच्याकडे आज जास्त आहे, त्यातून त्यांची गरज भागू दे. मान्नाच्या गोष्टीतून पौल थेट खिशापर्यंत आला! मी मात्र तीच गोष्ट 'क्वाएट टाइम'च्या पलीकडे कधी नेली नव्हती.

आमची आजी नगर जिल्ह्यातली. तिला वाचता येत नसे. पहाटे चुलीपुढे भाकरी थापत बसायची आणि मला शेजारी बसवून शास्त्र वाचायला लावायची. चार-पाच वचनं झाली की पिठाचा हात वर करून थांबवायची आणि विचारायची, "मग आज काय करायचं?" मला राग यायचा. मी म्हणायचो, आजी, पूर्ण अध्याय होऊ दे की. ती म्हणायची, "एवढं तर होऊ दे आधी." (भाकरी तव्यावरून थेट ताटात यायची. शिळी भाकरी आणि ठेचा मला आजही आवडतो, पण तो विषय वेगळा.)

'मान्ना' या शब्दाचं मूळ इस्राएलांच्या प्रश्नात आहे. ते पाहून ते एकमेकांना विचारू लागले, हे काय आहे? रोज सकाळी तंबूबाहेर पडून एका प्रश्नाचं नाव असलेली गोष्ट गोळा करायची, चाळीस वर्षं. आजीचा प्रश्नही रोजचाच होता.

स्ट्रीक तुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मोजायला लागलो नाही. नोटिफिकेशन बंद केलं. आता सकाळी मोबाईल किचनमध्ये चार्जिंगला असतो आणि मी घरातलं जुनं छापील शास्त्र घेऊन बसतो. कधी वीस वचनं, कधी तीनच. कधी काहीच डोक्यात शिरत नाही, कालही तसंच झालं. बाळ रात्रभर रडत असेल तर वाचन राहूनही जातं. पण पाहा, ज्यांनी मान्ना साठवून सडवला त्यांच्यावर मोशे रागावला, तरी दुसऱ्या सकाळी त्यांच्या तंबूबाहेरही तो पडलाच.

भावाला आईच्या फोननंतर लगेच लावला. दोनदा त्याने कट केला. तिसऱ्यांदा उचलला. "बोल दादा." काय बोलावं सुचेना, मी विचारलं, "जेवलास का?" तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "दुपारचे चार वाजलेत." मग आम्ही बराच वेळ बोललो. घराच्या दुरुस्तीचं अजून ठरलेलं नाही आणि त्याला नोकरीही अजून लागलेली नाही. पुढे काय केलं ते लिहीत नाही, मत्तय 6 ची सुरुवातीची वचनं आठवतात. येत्या रविवारी उपासनेनंतर तो आमच्याकडे जेवायला येतोय, मुलीला घेऊन. बायकोने भाकरीचं पीठ आणायला सांगितलंय.

प्रार्थना : प्रभू येशू, तू जीवनाची भाकर आहेस. आज पुरेल एवढं दे आणि ते माझ्या तंबूतल्या सगळ्यांना पुरू दे. ज्याचा फोन मी घेतला नाही, त्याची आठवण आज दे. आमेन.