चितंग्याचा निवाडा

दारिद्र्याचे दर्शन घेऊन गहिवरायला पदरमोड लागत नाही. आणि अंधेरी-बोरिवलीच्या थंडगार चित्रगृहांत बसून घाटमाथ्यावरील हालअपेष्टा पाहणाऱ्या आम्हां उपनगरवासीयांची सहानुभूती बहुधा याच फुकटच्या जातीची असते. मंगेश हाडवळे यांचा २००८ साली प्रदर्शित झालेला ‘टिंग्या’ मात्र प्रेक्षकाला इतक्या स्वस्तात सोडीत नाही.

जुन्नरच्या डोंगराळ मुलुखात, बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चितंग्या नावाचा बैल पडून जायबंदी होतो. हंगाम तोंडावर, डोक्यावर कर्ज आणि दावणीला निकामी जनावर अशा पेचात सापडलेला शेतकरी कारभारी त्याला कसायाला विकायला निघतो, तेव्हा त्याचा मिसरूडही न फुटलेला मुलगा टिंग्या आडवा येतो. शेजारच्या रशिदाची आजी आजारी पडली तर तिच्यावर औषधोपचार होतात, मग चितंग्याच्याच वाट्याला कसाई का, हा त्याचा सवाल. शरद गोयेकर या बालनटाने तो ज्या रांगड्या हट्टाने विचारला आहे, त्याबद्दल त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभला, यात नवल नाही.

तथापि या कृतीचे मोठेपण मला मुलाच्या प्रश्नापेक्षा बापाच्या निरुत्तरपणात अधिक जाणवते. कारभारी दुष्ट नाही. बैलावर त्याचाही जीव आहे. एखादा खलनायक उभा केला असता, तर त्याच्यावर दात-ओठ खाऊन आम्ही सुखाने घरी परतलो असतो.

पुढे मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या १९७६च्या पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात आली आणि सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावर बैलांच्या कत्तलीस असलेली मुभा संपुष्टात आली. म्हणजे कागदोपत्री टिंग्याचा दावा मंजूरच झाला म्हणा ना! परंतु निकामी बैलाला वैरण कोणी घालावी आणि दुसरा कोणत्या पैशाने आणावा, हा कारभाऱ्याचा पेच त्या हुकुमाने सुटत नाही; उलट मोडीत निघालेल्या जनावराचे चार पैसे हाती येण्याची वाटही बंद होते. करुणा सरकारने दाखवावी आणि तिचा खर्च कुणब्याने सोसावा, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

बिबट्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहे; पण तो दिसला की आमच्याकडे त्याची छायाचित्रे फिरतात, कोणाचा हंगाम बुडत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून जुन्नर-आंबेगावकडची माणसे राहतात. वाचकांनी हा चित्रपट शक्य तर त्यांच्यापैकी कोणाच्या शेजारी बसून पाहावा, आणि डोळे पुसून झाल्यावर गावाकडे बैलजोडीचा सध्याचा भाव काय, एवढे त्यांना विचारावे.