रुतलेली सुई

माउली, पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या निघाल्या की हडपसरपर्यंत वाट एकच असते. तिथून ज्ञानोबारायांची पालखी दिवेघाटाकडे जाते, तुकोबारायांची लोणी काळभोरकडे. त्याच हडपसरच्या ससाणे मळ्यात 1897 साली, प्लेगच्या साथीत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. रोग त्यांना लागला आणि 10 मार्चला त्यांनी देह ठेवला. पुढे 1905 मध्ये यशवंतही प्लेगनेच गेले.

नाथांनी तापल्या वाळूतून पोर उचललं, ती कथा आपण कीर्तनात ऐकतो. हेही तसंच उचलणं. याला आपण त्याग म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण तेव्हाची स्थिती ध्यानात घ्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे 1898 मध्ये उमगलं. हाफकिन यांची लस मुंबईत जेमतेम दोन महिन्यांपूर्वी तयार झाली होती. धोका समोर दिसत होता, बचाव हाती नव्हता, तरी बाई वाकल्या.

आता आजच्या वॉर्डात या. खाटा भरलेल्या, खाली गाद्या घातलेल्या, रात्रपाळीला परिचारिका एकटी. घाईत ती वापरलेल्या सुईला टोपण लावायला जाते आणि सुई बोटात रुतते. किंवा कोणी ती सुई साध्या कचऱ्यात टाकलेली असते आणि सकाळी मावशींच्या हाताला लागते. रोग्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी असेल आणि जिला टोचलं तिनं लस घेतलेली नसेल, तर शंभरातल्या तिसांपर्यंत लागण होऊ शकते. लस मात्र 1980 च्या दशकापासून आहे. तीन मात्रांचं काम. कचरा हाताळणाऱ्यांनासुद्धा ती द्यावी, असं 2016 चे नियम सांगतात. सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबाही त्यांतच सांगितला आहे.

मग या मावशींना कावीळ झाली, तर तिला त्याग म्हणायचं का?

मला तसं म्हणवत नाही. त्याग करणारा स्वतः करतो. मावशींना कोणी विचारलंच नव्हतं. टाळता येण्यासारखं होतं ते टाळलं नाही, म्हणजे त्यांचं देणं आपल्याकडे राहिलं. 2020 च्या मार्चमध्ये आपण थाळ्या वाजवल्या. मे 2021 पर्यंत जगभरात 80,000 ते 1,80,000 आरोग्य कर्मचारी करोनाने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. 'देवदूत' म्हणायला पैसे पडत नाहीत. हातमोजे, लस आणि रात्रपाळीला आणखी एक माणूस यांना पडतात.

कोणी म्हणेल, सेवेकरी देहाची पर्वा करत नाही. नसेल करत. पण त्याच्या देहाची बेपर्वाई करायची मुभा आपल्याला कोणी दिली? वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, समोरचा कोण हे न विचारता. रोग्यात विठ्ठल आहे, तर त्याला उचलून उचलून जिची कंबर गेली तिच्यातही आहे. (खाट बदलताना नातेवाईक चौघं असतात आणि चौघंही बाजूला उभे राहून बघतात. चादरीचं एक टोक धरायला काय हरकत आहे?)

हे सारं सरकारचं, इस्पितळाचं काम, असं वाटत असेल तर आपल्या राहुटीत पाहा. मधुमेह असलेले किती वारकरी सकाळी इन्शुलिन टोचून घेऊन वाटेला लागतात. ती सुई जाते कुठं? पत्रावळीच्या ढिगात. मुक्काम हलला की तो ढीग उपसणाऱ्या बाईच्या हातात बहुतेक वेळा मोजे नसतात. झाकणाची जाड प्लॅस्टिकची बाटली पिशवीत ठेवा, सुई टोपण न लावता तीत टाका, आणि भरली की वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे द्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर तंबूत शिरताच आधी ते सांगा आणि तोंडावर उपरणं धरा. डॉक्टर तपासायला वाकतात तेव्हा त्यांचं तोंड तुमच्यापासून वीतभरच असतं.