सुताराची झोपडी

बाबांनी फोनवर विचारलं, "कपाट सागवानी ना?" मी "हो" म्हणालो. खरं तर भिंतभर कपाट प्लायवूडचं आहे, वरून सागाचं पातळ विनिअर. मिस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, "एवढं रुंद दार अख्ख्या सागाचं केलं तर पाऊस-उन्हात वाकेल." त्यांनी काही लपवलं नाही.

नक्कल म्हणजे खोटंच का? वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. सातव्या शतकातल्या कारागिरांनी तिथं छतावर लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरल्या. त्या कसलाही भार पेलत नाहीत. कार्ल्याच्या लेण्यात तर खरे लाकडी वासे आहेत. भार तेही पेलत नाहीत. तरी वेरूळला मला कुणी फसवल्यासारखं वाटलं नाही. मान वर केली की दगड दिसतोच.

माझ्या कपाटातही दार उघडलं की कडेला प्लायचे थर दिसले असते. मी तिथं सागाची पट्टी मारून घेतली. मिस्त्री "कशाला?" म्हणाले, तर "मजबुतीसाठी" असं सांगितलं. त्यांच्याशीही!

बाबा दिवाळीला येतायत. दार उघडून ते आधी कडेवरून बोट फिरवणार.